शब्द पूर्ण होईपर्यंत

माझ्या आजाराचं नाव सांगितलं की लोक आधी हसतात. "मोबाईलचा आजार? मग तो आम्हालाही आहे की!" असं म्हणतात आणि बोलता बोलता खिशातून स्वतःचा फोन काढून बघतात. मी त्यांना दोष देत नाही. डॉक्टरांनी मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मीसुद्धा हसले होते. पण शुगरवाल्याला जसं गोडाचं पथ्य, तसं मला फोनचं आहे आणि ते जन्मभराचं आहे, हे आता मी मान्य केलंय. हे वाचताना ज्यांच्या पोटात बारीकशी कळ उठेल त्यांच्यासाठी लिहिते आहे. ज्यांना हसू येईल त्यांनी खुशाल हसावं.

दुकान

मी वैशाली. सुरतेत भेस्तानला राहते. नवरा सुनील पांडेसऱ्यातल्या कापड रंगवणाऱ्या एका मिलमध्ये सुपरवायझर आहे, मुलगी केतकी कॉलेजात शिकते. मूळचे आम्ही खानदेशातले, पण केतकीचा सगळा जन्म इथला, त्यामुळे तिला स्वप्नंसुद्धा गुजरातीत पडतात असं सुनील म्हणतो.

मी घरबसल्या साड्या विकते. मार्केटमधून नव्या साड्यांचे फोटो घ्यायचे, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचे, मधूनमधून लाइव्ह येऊन पदर उलगडून दाखवायचा. तिकडे धुळ्या-जळगावच्या बायका विचारणार, "ताई, यात मोरपंखी आहे का?" की मी लगेच उत्तर देणार. या धंद्यात लगेच उत्तर दिलं नाही तर गिऱ्हाईक दुसऱ्या ताईकडे जातं. म्हणजे फोन हेच माझं दुकान. दारूड्याला निदान गुत्त्यापर्यंत चालत जावं लागतं. माझा गुत्ता माझ्याच हातात होता, आणि वर तो कमावतही होता, त्यामुळे घरात कोणाला बोलायला जागा नव्हती.

गिऱ्हाइकाला उत्तर द्यायला फोन उघडायचा आणि तासाभराने भान यावं तेव्हा मी कुठल्यातरी अनोळखी बाईचं डोहाळजेवण बघत असायची. ती कोण, कुठली, काही माहीत नाही. तिच्या नणंदेने नेसलेली साडी मात्र पाठ झालेली असायची. एकदा सुनीलने बाहेरच्या खोलीतून मला मेसेज केला, "चहा मिळेल का?" मी त्या मेसेजला अंगठा दाखवला आणि पुढे सरकले. चहा काही झाला नाही. तो किस्सा आम्ही पाहुण्यांना हसत हसत सांगायचो. पण त्या दिवसापासून सुनीलने माझ्याकडे चहा मागणं सोडून दिलं होतं, हे माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला.

फोन चार्जिंगला लावलेला असला तरी मांडीवर थरथर जाणवायची. अंगठा दुखायचा, मान आखडायची. आणि मनात सतत एक धास्ती, की आत्ता, या क्षणाला, तिकडे काहीतरी चाललंय आणि मी तिथे नाही.

माय

आजाराचं नाव निघालं ते माझ्या आईच्या आजारपणात.

आम्ही तिला माय म्हणतो. वडील गेल्यावर ती माझ्याकडे आली, कारण नाशिकला भावाचं घर लहान. केतकीशी ती मोडकंतोडकं मराठी बोलायची, शेजारच्या बेनशी त्याहून मोडकं गुजराती, आणि माझ्याशी आपली अहिराणी. मी मात्र तिला उत्तर मराठीत द्यायची. लाइव्हवर स्वच्छ मराठी बोलून बोलून माझी जीभ तशी वळली होती.

मायला लकव्याचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. हॉस्पिटलातून घरी सोडताना मोठे डॉक्टर म्हणाले, हात बराचसा चालेल. बोलणं किती येईल ते सांगता येत नाही. जे यायचं ते पहिल्या काही महिन्यांत यायला लागेल, आणि त्यासाठी रोज कोणीतरी समोर बसून तिला बोलतं करायला हवं. सुनील मिलमध्ये, केतकी कॉलेजात. कोणीतरी म्हणजे मीच, हे उघड होतं.

मी बसायची की. पलंगाजवळ खुर्ची ओढून बसायची. "माय, हे काय आहे?" म्हणून वाटी दाखवायची. तिच्या ओठांची काहीतरी हालचाल सुरू व्हायची, आणि तेवढ्यात माझा अंगठा मांडीवरचा फोन उघडून बसलेला असायचा. मान वर करेपर्यंत तिचे ओठ मिटलेले असायचे. मग मीच म्हणायची, "वाटी, माय, वाटी," आणि चमचा दाखवायची.

तिच्या तोंडून एकच गोष्ट निघायची. "आठ." दिवसातून कितीतरी वेळा, डाव्या हाताने गादीवर थापटत, "आठ... आठ..." घरात तर्क सुरू झाले. सुनील म्हणाला, आठ वाजताची तिची मालिका. म्हणून आठला टीव्ही लावला. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. केतकी म्हणाली, "नानीला गोळी हवी असेल, रात्रीची आठची." मी म्हटलं, वडिलांची आठवण येत असेल, तोच शब्द अर्धा निघत असेल. वडिलांचा फोटो आणून समोर ठेवला. फोटोकडे पाहून तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा वाटलं जमलं. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा "आठ" आणि पुन्हा तीच थापट. शेवटी केतकीने मोठ्या आकड्यांचं घड्याळ आणून तिच्यासमोर टांगलं. मायने "आठ" म्हटलं की जो कोणी जवळ असेल तो उठायचा, घड्याळ बघायचा, गोळी बघायचा, आणि आपल्या कामाला लागायचा.

"तमे क्यां छो?"

मायला बोलायला शिकवण्यासाठी हेतलबेन म्हणून एक स्पीच थेरपिस्ट होत्या. त्यांच्याकडे आम्ही रिक्षाने जायचो. वय लहान, आवाज मऊ, पण कामात कडक. त्या मला पुन्हा पुन्हा एकच सांगायच्या, "पूछो, पछी राह जुओ. शब्द तमारे नथी आपवानो." विचारा, मग वाट बघा. शब्द तुम्ही द्यायचा नाही.

त्या दिवशी त्या म्हणाल्या, आज तुम्ही घ्या, मी बघते. मी मायसमोर कंगवा धरला. विचारलं. मायचे ओठ हलायला लागले. हेतलबेन एकदम म्हणाल्या, "वैशालीबेन, तमारो हाथ जुओ."

मी खाली पाहिलं. डाव्या हातात कंगवा तसाच होता. उजव्या हाताने पर्समधून फोन काढला होता, कुलूप उघडलं होतं, आणि अंगठा चालत होता. मी शपथेवर सांगते, मला पत्ता नव्हता. तो हात माझा होता आणि त्याने काय केलं ते मला दुसरीने सांगावं लागलं.

"माजी केटली महेनत करे छे," हेतलबेन म्हणाल्या. माजी किती मेहनत करतायत. रागाने नाही म्हणाल्या, म्हणून जास्त लागलं. "तमे क्यां छो?"

तुम्ही कुठे आहात? मला रडू आलं. मायने डावा हात लांबवून माझ्या गुडघ्यावर ठेवला. पेशंट कोण आणि सोबतीला कोण आलंय, हे बाहेरच्याला कळलं नसतं.

त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर मानसोपचाराचे डॉक्टर बसायचे, हेतलबेनने मला हाताला धरून तिथे नेलं. त्यांनी बरंच विचारलं, झोपेचं, भुकेचं, भांडणांचं. शेवटी म्हणाले, "आ आदत नथी, बेन. आ बीमारी छे. बीमारीनी शरम न होय, इलाज होय." ही सवय नाही, आजार आहे; आजाराची लाज नसते, इलाज असतो. तेव्हाच ते मघाशी सांगितलेलं हसू मला आलं होतं. जिना उतरताना मात्र ते हसू ओसरलं, कारण ते खरं बोलले होते. मायचं बोलणं परत यायचे दिवस चालले होते आणि ते आणायचं काम ज्या हाताकडे होतं तो माझ्या ताब्यात नव्हता.

सती

डॉक्टरांचा इलाज सुरू झाला. ॲप काढायची, वेळ बांधायची, दर पंधरवड्याला जाऊन बोलायचं. मी ॲप काढायची आणि संध्याकाळी पुन्हा टाकायची. पालथ्या घड्यावर पाणी. डॉक्टर म्हणाले, श्वासावरचं ध्यान शिका, मदत होईल. मी लगेच मनावर घेतलं. एक अख्खी दुपार मी ध्यान कसं करावं याचे रील बघण्यात घालवली.

अशात सुजाताताई आल्या. त्या माझ्या जुन्या गिऱ्हाईक. पालिकेच्या मराठी शाळेत शिक्षिका होत्या, आता निवृत्त. बुद्धपौर्णिमेसाठी बारीक निळ्या काठाची पांढरी साडी त्यांनी सांगून ठेवली होती आणि मी ती आणायची विसरले होते. काय सबब सांगावी ते सुचेना, म्हणून खरं सांगून टाकलं. सगळंच सांगितलं, हातासकट. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "रविवारी सकाळी विहारात आम्ही काहीजण आनापानाला, म्हणजे श्वास बघायला, बसतो. या. साडीचं नंतर बघू."

"मला जमेल?"

"सती ठेवायला शिकायचं. बाकी काही नाही."

सती! माझ्या डोळ्यांसमोर नऊवारी नेसलेली, हातात ओटी घेतलेली बाई उभी राहिली. सुनीलला सांगितलं तर तो म्हणाला, "माझ्याआधी सती जाणार का? निदान मला मरू तरी दे." खूप दिवसांनी आम्ही दोघं एकाच गोष्टीला हसलो. पुढे सुजाताताईंनी समजावलं, की ही पालीतली सती. तिचा अर्थ आठवण. आपण कुठे आहोत, काय करतो आहोत याची आठवण.

तो विहार आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. त्याच्या दारावरून मी वर्षानुवर्षं भाजीला गेले आहे, आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. का नव्हतं, ते आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको. नणंदेने फोनवर विचारलंच, "आपल्यात देव कमी पडले का?" मी ते सुजाताताईंना जसंच्या तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "देव बदला असं कुणी म्हटलंय? नाक बदलायचं नाही, श्वास बदलायचा नाही. आहे तोच बघायचा."

गार आणि कोमट

पहिल्या रविवारचं मला अजून नवल वाटतं.

लहानसा हॉल, जमिनीवर चटया, समोर बुद्धाची मूर्ती. खिडकीला लागूनच यंत्रमागांचं खातं, म्हणजे छोटा कारखाना, त्याची खडखड भिंतीतून अंगात यायची. मला वाटलं, इथे कसलं ध्यान होणार? सुजाताताई म्हणाल्या, "खातं बंद होणार नाही. ऐकू आलं तर ऐकायचं आणि परत नाकापाशी यायचं. श्वास आत जातो तो बघायचा, बाहेर येतो तो बघायचा. मन पळालं तर चिडायचं नाही. परत आणायचं."

मन पळालंच. मोरपंखी साडी, नणंद, मोरपंखी साडी. पण मध्येच कधीतरी मला नाकपुडीच्या कडेला जाणवलं, की आत जाणारा श्वास गार आहे आणि बाहेर येणारा कोमट आहे.

एवढंच. पण मी थक्क झाले. जन्मल्यापासून तो असा जातोय आणि येतोय. मी झोपले होते तेव्हाही, बाळंतपणात ओरडत होते तेव्हाही, त्या अनोळखी बाईचं डोहाळजेवण बघत होते तेव्हाही. गार जात होता आणि कोमट येत होता, आणि मला त्याची खबरबात नव्हती. काखेत कळसा म्हणतात तो इतका जवळ असतो हे मला माहीत नव्हतं.

मग ती आली, माझी नेहमीची तलफ. हात फोनकडे जायला निघाला. पण फोन बाहेर चपलांजवळच्या पिशवीत. एरवी ही तलफ म्हणजे मीच असं मला वाटायचं. त्या दिवशी डोळे मिटलेले असल्यामुळे ती वेगळी दिसली. तळहातात ऊब आली, अंगठ्याच्या मुळाशी ओढ आली, छातीत घाई सुटली. सुजाताताईंचा आवाज आला, "जे येईल ते बघत राहा. करू काही नका." मी बघत राहिले. ती वाढली. आता काही खरं नाही असं वाटलं. आणि मग ती उतरायला लागली. आपोआप उतरली. मी काहीही केलं नव्हतं आणि ती गेली होती!

बाहेर येऊन मी चप्पल घालायची विसरले. सुजाताताईंना म्हटलं, "ती गेली हो. आपली आपण गेली." त्या हसल्या. म्हणाल्या, "परत येईल." आली, दहा मिनिटांत आली. पण जी एकदा जाताना पाहिली, तिची पूर्वीची दहशत राहिली नाही.

नव्याचे नऊ दिवस

सुनील म्हणाला, "बघू, नव्याचे नऊ दिवस." त्याचं चुकलं नाही. पहिले आठवडे वाईट गेले. चिडचिड, घाम, रात्रीची तळमळ. गिऱ्हाइकं कमी झाली. केतकीने फोन तिच्या कपाटात ठेवायचं कबूल केलं आणि मी तिच्याच अंगावर ओरडले. पोरगी घाबरली. "मम्मी, तें ज मने कह्युं हतुं," म्हणाली. तूच सांगितलं होतंस. मी तिथेच जमिनीवर बसले, श्वास धरला नाही, सोडला नाही, नुसता बघितला. तीही शेजारी बसली. मला तेवढं पुरलं.

काही दिवस मी पूर्ण हरलेही आहे. न्हाणीघरात लपून फोन बघितला आहे. ते डॉक्टरांना सांगितलं, सुजाताताईंनाही सांगितलं. दोघांनीही कपाळाला हात लावला नाही. सुजाताताईंचं एक वाक्य माझ्या कामाला आलं. "पळालात हे ज्या क्षणी कळलं, त्या क्षणी तुम्ही परत आलेल्याच असता."

रोज दुपारी मी मायसमोर बसत होते. फोन कपाटात, तलफ माझ्याजवळ. वाटी धरायची, विचारायचं, आणि मग वाट बघायची. वाट बघणं म्हणजे काय असतं ते मला त्या दुपारी कळलं. आधी मला माझाच गोंधळ दिसायचा. मग हळूहळू माय दिसायला लागली.

आठे

मी एका शब्दाची तयारी बघितली आहे. बाळ पहिला शब्द बोलतं तेव्हा आपल्याला शब्द ऐकू येतो, त्याआधीचं काही दिसत नाही. मायचं मला दिसलं. आधी भुवई हलायची. मग नजर वाटीवरून सुटून कुठेतरी आत जायची, अंधाऱ्या माळ्यावर भांडं शोधायला जावं तशी. गळ्याजवळची शीर ताठ व्हायची. ओठ एक आकार घ्यायचे, तो मोडायचा, दुसरा घ्यायचे. कपाळावर घाम यायचा. एवढा खटाटोप एका वाटीसाठी! आणि आपण दिवसभर शब्द असे उधळत असतो. मला तिच्यापुढे हात जोडावेसे वाटायचे.

अशाच एका दुपारी तिने वाटी बाजूला सारली. डावा हात गादीवर आपटला. "आठ."

माझी मान सवयीने घड्याळाकडे वळायला निघाली. ती वळणं मला जाणवलं. मी थांबले. तळहातात ती ऊब आली, उठावं, काहीतरी करावं, गोळी बघावी, टीव्ही बघावा. मी बघत राहिले. श्वास गार गेला. कोमट आला. मायचे डोळे माझ्यावर होते. तिचे ओठ अजून मिटले नव्हते. शीर अजून ताठ होती.

मग, खूप वेळाने, जिभेला वर चढायला जेवढा वेळ लागला तेवढ्याने, उरलेलं आलं. "...ठे."

आठे.

अहिराणीत आठे म्हणजे इथे. लहानपणी गल्लीत खेळताना अंधार पडला की माय ओट्यावरून हाक मारायची, "आठे ये व!" ती ही आठे. ती वाजले किती ते विचारत नव्हती. गोळी मागत नव्हती. गादीवर थापटून ती इतके दिवस सांगत होती, इथे. इथे बस. आणि तिच्या तोंडून पहिला अर्धा निघताच आम्ही सगळे उठून जात होतो. शब्दाचा उरलेला अर्धा रोज रिकाम्या खुर्चीला ऐकू जात होता.

मी पलंगावर तिच्या शेजारी, ती थापटत होती बरोबर त्या जागेवर बसले. तिने मला टेकून डोळे मिटले. मी तिला अहिराणीत म्हटलं, "मी आठे शे, माय." मी इथे आहे. तिच्या अंगातली ताठ नस न् नस सैल पडताना मला माझ्या खांद्यावर कळत होती.

संध्याकाळी सुनीलला सांगितलं. त्याने स्टुलावर चढून ते टांगलेलं घड्याळ काढलं. हेतलबेनना सांगितलं तेव्हा त्या टेबलावरून पुढे वाकल्या. त्यांना अहिराणी कुठून येणार? म्हणाल्या, कधी कधी आईच्या पोटातली भाषा आधी परत येते. आता घरी त्याच भाषेत बोला.

पथ्य

आता थोडं कामाचं. फोन नदीत टाकायला मी कोणाला सांगणार नाही. माझं पोट त्याच्यावर आहे. सकाळी ठरल्या वेळी साड्या टाकते, संध्याकाळी ठरल्या वेळी उत्तरं देते, मधला वेळ फोन केतकीच्या कपाटात. ज्या गिऱ्हाइकांना घाई होती ती गेली. ज्या राहिल्या त्या आता साडीआधी मायची चौकशी करतात.

नुसत्या ध्यानाने मी बरी झाले असंही सांगणार नाही. डॉक्टर लागले, आणि घरच्यांना सांगून टाकणं लागलं. ते सांगणं सगळ्यात अवघड. पण माझ्या आजाराला श्वासाइतकं नेमकं औषध मला दुसरं मिळालेलं नाही, कारण तलफ येते तेव्हा डॉक्टर वरच्या मजल्यावर असतात आणि श्वास नाकाशी असतो. तलफ आली तर तिच्याशी भांडू नका, तिला दोन घटका बसायला जागा द्या. ती फार वेळ थांबत नाही. मला कोणी हे आधी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता, म्हणून तुम्हीही ठेवू नका. करून बघा.

सुनील आता चहा स्वतःच करतो. दोघांचा करतो, आणि कप हातात देऊन समोर बसतो. दोन-दोन मिनिटं काही बोलत नाही. पूर्वी असं गप्प बसणं मला खायला उठलं असतं.

गेल्या महिन्यातली सकाळ

आठेनंतर मायला शब्द येत गेले. पानी. भाकर. माय, म्हणजे मला मारलेली हाक; आमच्याकडे आई लेकीलाही माय म्हणते. एक एक सुटा शब्द, मध्ये मोठाली दरी. हेतलबेन म्हणायच्या, शब्द आले हेच मोठं आहे, पण एकाला दुसरा जोडून वाक्य होणं ही निराळी गोष्ट आहे. होईल, किंवा नाही होणार. पहिले महिने सरत आले होते. मी त्यांना पुन्हा कधी विचारलं नाही. विचारण्याची भीती वाटायची.

गेल्या महिन्यात एका सकाळी केतकी कॉलेजला गेली, सुनील पहिल्या पाळीला. मी मायला स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्चीवर बसवलं, गॅसवर दूध ठेवलं, आणि दूध तापेपर्यंत तिच्या पायाशी जमिनीवर बसून डोळे मिटले. श्वास येत होता, जात होता. बाहेर भाजीवाला ओरडत होता. मन पळालं, आणलं. पळालं, आणलं. त्या दिवशी ध्यान छान लागलं होतं. आपण आता बऱ्याच पुढे गेलो आहोत असा थोडा गर्वही मनात येऊन गेला, तोही मी बघितला.

आणि डोक्यावरून आवाज आला. मोठा, खणखणीत, जरासा घोगरा, आणि पुरता वैतागलेला.

"डोया लाईसन काय बठनी व माय, दूध उतू जाई राह्यनं!"

डोळे मिटून काय बसलीस बाई, दूध उतू जातंय. एका दमात. मध्ये कुठे दरी नाही. शेवटी चढलेला आवाजसुद्धा तोच, माझ्या लहानपणीचा, चुलीपाशी माझं लक्ष नसलं की चढायचा तो.

मी डोळे उघडले. मायचं तोंड उघडंच राहिलं होतं. आपण काय केलं ते तिलाही तेव्हाच कळत होतं. उजवा हात, तो लुळा, मांडीवरून बोटभर वर उचलला गेला होता. मी तिच्याकडे बघत राहिले आणि ती माझ्याकडे. माझ्या मनात आलं, हे कोणाला तरी दाखवावं, फोन आणावा, तिच्याकडून पुन्हा म्हणवून घ्यावं. ते आलं तसं गेलं. तो आवाज ऐकायला अख्ख्या सुरतेत मी एकटी होते आणि मी तिथे होते. हसू फुटलं आणि त्याच्यात रडू मिसळलं. दूध पातेल्यावरून शेगडीवर, शेगडीवरून ओट्यावर, ओट्यावरून खाली टपटपायला लागलं. घरभर करपल्याचा वास सुटला. माझ्याच्याने हलवेना.

माय दुधाकडे बघत होती, मग माझ्याकडे, मग पुन्हा दुधाकडे. तिने कपाळाला आठ्या घातल्या.

"ऊठ ना आते!"

ऊठ ना आता. मग मी उठले.